टोच

कोंबडीनं मनगटावर चोच मारली तरी चंद्राबाईनं हात मागे घेतला नाही. कोंबडीच्या पोटाखाली चाचपत तिनं कडेचं अंडं बाहेर काढलं आणि कानाला लावलं. आतून नखानं भिंत खरवडावी तसा आवाज येत होता. अंड्याच्या रुंद बाजूला काल दिवेलागणीला पडलेली टोच होती, हरभऱ्याएवढी. रात्र सरली, उन्हं ओटीवर आली, तरी टोच आपली हरभऱ्याएवढीच.

“आजून तसंच हाय,” ती म्हणाली.

ओटीवर आरसा टेकवून दाढी करत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, ज्ञानूनं, मान वळवली नाही.

“मग ठिव की परत.”

तिनं ठेवलं नाही. टोचेवरून बोट फिरवत ती तिथंच उकिडवी बसून राहिली. तिचं सगळं आयुष्य कोंबड्यांत गेलेलं. कोंबडीच्या पिल्लानं संध्याकाळी टोच मारली की सकाळी ते पेंढ्यात सुकून चिवचिवत असतं, हे तिला डोळे झाकून माहीत. मग ह्याचं काय अडलं होतं? आणि आज दुपारच्या एसटीनं नूतन येणार, पप्पू येणार. पोराला काय अंड्याला पडलेलं भोक दाखवायचं?

रस्त्यावर दुधाच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. ज्ञानू एका गालावर साबण तसाच ठेवून किटली घेऊन बाहेर गेला. चंद्राबाई अंडं हातात धरून आतल्या खोलीत शिरली आणि टेम्पोचा आवाज ओढ्याच्या पुलापलीकडे विरेपर्यंत तिथंच उभी राहिली. हे रोजचंच होतं. सकाळी म्हणा, संध्याकाळी म्हणा, टेम्पो आला की तिला आत काहीतरी काम निघायचं. टेम्पोवाला बंडूही कधी घरात डोकवायचा नाही. दूध मापायचा आणि निघायचा.

नूतन तिची सून, सोमनाथची बायको. सोमनाथ गेला त्याला दोन दिवाळ्या झाल्या. गंजीतून पेंढा ओढायला त्यानं हात घातला आणि त्याला पान लागलं. हिर्डोशीकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही. नाव घेतलं की तो उंबऱ्यात हजर होतो म्हणे, म्हणून चावला तर पान लागलं म्हणायचं, आणि त्याला स्वतःला म्हणायचं लांबडं. तेरावं उरकलं तशी नूतन पोराला घेऊन भोरला भावाकडे गेली, एका दुकानात ब्लाऊज शिवायला लागली, आणि इकडं यायचं तिनं टाकलंच. भांडण नाही, तंटा नाही. ज्ञानू भोरला गेला की त्याला जेवू घालायची, पप्पूला त्याच्या मांडीवर द्यायची. फोन उचलायची, गुडघे कसे आहेत विचारायची. पोराला सुट्टीत धाड म्हटलं की मात्र तिचं एकच पालुपद. तिकडं लांबडी लई, आत्या, पोराला कसं ठिवू?

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? तरी चंद्राबाईनं द्यायचं ठरवलं. गंजी उचलून बांधापलीकडे नेली. घरामागची घाणेरी मुळासकट उपटली, हात सोलून निघाले. भिंतीतली बिळं सिमेंटनं लिंपली, कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या. ज्ञानू म्हणायचा, अगं घराला संडासाचा वास यायला लागला. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा गोळ्या टाकायची. पण आता लांबडं येणार नाही, हे नूतनला छातीवर हात ठेवून सांगता येईल असं त्यात काही नव्हतं.

ते सापडलं गेनूकडे. धरणाच्या पाण्याकडेला पुण्याच्या कुणाचा तरी बंगला आहे, तिथं गेनू राखणीला असतो. मालकानं तिथं पांढरी, लांब मानेची पाखरं आणून सोडली होती. मालक त्यांना राजहंस म्हणायचा, गेनूही राजहंस म्हणायचा, आणि एकदा पिंढरीला चावा बसल्यापासून ज्ञानू त्यांना माजलेली बदकं म्हणायचा. गेनू बोलता बोलता म्हणाला, ही आल्यापासनं ह्या आवारात एक लांबडं दिसलं न्हाई बघा. दिसलं की माना लांबवून अशी अंगावर जातात, की त्यालाच पळता भुई थोडी. तो अजून बरंच काय काय बोलला. चंद्राबाईला तेवढंच ऐकू आलं.

तिनं त्याच्याकडून पाच अंडी आणली. त्यानं चार काढून ठेवली होती, तिनं हट्टानं पाचवं घेतलं, कारण अंडी समसंख्येत ठेवली तर लाभत नाहीत. घरची एक कोंबडी खुडूक होऊन कोपऱ्यात फुगून बसायला लागली होती. तिच्याखाली पेंढ्याच्या पाटीत ती मांडली. अंडी एवढी मोठी, की कोंबडी दगडांच्या राशीवर चढून बसल्यासारखी दिसायची आणि तिच्या तोंडावर सदा फसवल्याचा भाव. ज्ञानू म्हणाला, बिचारीच्या गळ्यात सवतीची पोरं बांधलीस. तिला ती अंडी पायानं फिरवता येईनात, म्हणून चंद्राबाईनं प्रत्येक अंड्याला एका अंगाला काजळाचा ठिपका लावला. सकाळी ठिपका वर, संध्याकाळी खाली, असं तीच फिरवू लागली. देवाला दिवा एखाद्या दिवशी राहिला असेल. हे राहिलं नाही.

शिमगा झाला. दिवस भरत आल्यावर तिनं कोमट पाणी घमेल्यात घेऊन अंडी त्यात सोडली. दोन गपचीप तरंगत राहिली, ती परसात पुरून टाकली. तीन मात्र जागच्या जागी डुलायला लागली. वारा नाही, कुणाचा हात नाही, आणि अंडं आपलं मान हलवल्यासारखं हलतंय. ज्ञानू चिलीम विझली तरी तिथून उठेना. तो नुसताच म्हणाला, आयला.

त्याच संध्याकाळी तिनं भोरला फोन लावला. पिल्लं निघायला झालीत, अंगणात राजहंस फिरले की लांबडं फिरकायचं न्हाई, पप्पूला घेऊन ये, त्याला पिल्लं दाव, आणि आता सुट्टीला ठिव बिनघोर. बोलता बोलता तिला धाप लागली. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. मग नूतन म्हणाली, येते. फोन ठेवून चंद्राबाईनं ज्ञानूला सांगितलं, आम्ही येतो म्हणाली.

दाढी उरकून ज्ञानू एसटीच्या थांब्याकडे निघाला, तेव्हा अंडं अजून तिच्या हातातच होतं. तो दारात थांबला. गेनूनं बजावलंय, म्हणाला, टोच मारल्यावर ही पाखरं दोन-दोन, तीन-तीन दिवस घेतात, त्यांना हात लावायचा न्हाई. तिनं फणकाऱ्यानं विचारलं, गेनूनं किती कोंबड्या बसवल्या? ज्ञानू चप्पल घालत पुटपुटला, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आणि गेला.

तिनं चुलीवर खीर ठेवली होती, पप्पूला आवडते तशी, तांदळाची, वेलदोडा घालून. खीर उतरवली. मग केसातली पिन काढली.

दोन अंड्यांना टोच होती, तिसरं अजून कोरंच होतं. आधी तिनं दोन्हींच्या टोचा पिनेनं जरा रुंद केल्या. त्यांना वाट करून द्यायची, एवढंच तिच्या मनात होतं. पण पहिल्या अंड्याच्या भोकातून पिवळी चोच दिसली, ती उघडली, मिटली, आणि चंद्राबाईला राहवेना. कवच टिचत गेलं. खाली पांढरा पापुद्रा होता, तोही तिनं नखानं ओढला. पापुद्र्यातून रक्त आलं. थोडंच आलं. थांबेल, असं तिला वाटलं. कोंबडीच्या पिल्लालाही कधीकधी येतं. ती सोलत राहिली. पिल्लू हातात आलं तेव्हा त्याच्या पोटातून पिवळा बलक अजून बाहेरच लोंबत होता. आत घ्यायला त्याला वेळच मिळाला नव्हता. ओली, लांब मान तिच्या अंगठ्यावर पडली. चोच एकदा उघडली. तिनं त्याला कापसात ठेवलं, चुलीजवळ नेलं, तोंडानं ऊब दिली. रक्त तिच्या बांगड्यांपर्यंत आलं होतं.

दुसऱ्याचं भोक तिनं थुंकी लावलेल्या चिंधीनं झाकलं आणि ते पोटाशी धरून ती बसली. त्यातला आवाज आता बारीक झाला होता. एसटीचा हॉर्न ऐकू आला तेव्हा कापसातलं पिल्लू गार पडलं होतं.

अंगणात ज्ञानू आला, त्याच्या मागे नूतन, हातात खारीचा पुडा. चंद्राबाईनं तिच्या मागे पाहिलं, मग तिच्याही मागे, पार रस्त्यापर्यंत.

“पप्पू?”

“मी येते म्हणाले होते, आत्या,” नूतन म्हणाली.

ती ओटीवर बसली. पाणी प्याली. तिची नजर कापसावर गेली, मग सासूच्या बांगड्यांवर. चंद्राबाई बोलत सुटली. माझी घाई झाली गं, पोरगं येणार म्हणून. पर हे दुसरं हाय की, बघ, आवाज ऐक. आन तिसरं कोंबडीखाली हाय. मे महिन्यापर्यंत चांगली उंच व्हतील, अंगणभर फिरतील. राखण लई करतात. तू नीट इचार कर.

“आत्या, पप्पूला मी हितं ठिवणार न्हाई.”

“अगं पर लांबडं आता...”

“लांबडी भोरातबी निघतात. परवा आमच्या मोरीत निघालं. मला त्याचं भ्या न्हाई.”

“मग कशाचं?”

ज्ञानू उठला आणि गोठ्याकडे गेला. गाईला वैरण घालायची वेळ नव्हती, तरी तो वैरण घालू लागला. नूतन खारीच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत बसली होती. ती वर न बघता म्हणाली,

“दुधाचा टेम्पो दारात उभा होता.”

त्या संध्याकाळबद्दल ह्या घरात दोन वर्षांत कुणी अक्षर काढलं नव्हतं. सोमनाथ स्वतःच्या पायांनी चालत अंगणात आला होता, पान लागलेला हात दुसऱ्या हातानं धरून. बंडूनं टेम्पो लावला होता, सोमनाथला बघून दुधाचे कॅन भराभर रस्त्यावर उतरवले होते आणि पुढचं दार उघडून धरलं होतं. भोर काही मुलखाच्या पलीकडे नव्हतं. पण मधे ओढा होता. पान लागलेल्या माणसानं वाहतं पाणी ओलांडलं की विष चढतं, हे चंद्राबाईला तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. तिनं सोमनाथचं कोपर घट्ट धरलं. आधी वरच्या वाडीच्या देवळात पान उतरवायचं, मग बाकीचं. बंडू म्हणाला, काकी, गाडी चालूच हाय. ज्ञानू काहीतरी म्हणाला. तिनं दोघांचं ऐकलं नाही. बंडू तरीही थांबला होता, मग तिनंच त्याला हातानं जा म्हणून खुणावलं. देवळात रात्रभर त्याच्या अंगावरून निंबाचे डहाळे उतरवले. सकाळी सोमनाथला झोळीत घालून त्याच पुलावरून न्यावंच लागलं. भोरला डॉक्टर एवढंच म्हणाले, काल आणायचं होतं.

“मी बी दारात हुभी होते,” नूतन म्हणाली. “पोराला कडेवर घेऊन. मी बी काय बोलले न्हाई. माझं मी बघते ते. पर उद्या पप्पूला काय झालं, तर तुमी थांबाल, आत्या. तुमी वाईट न्हाई. तुमी थांबाल, ह्याचं मला भ्या वाटतं.”

तिचा आवाज चढला नव्हता. कुणाला बिघडलेला ब्लाऊज परत करताना सांगावं तसं ती सांगत होती. हे ती कितीतरी दिवस मनात शिवून-उसवून आली असणार. लांबडं-लांबडं म्हणत तिनं दोन वर्षं म्हातारीची अब्रू झाकली होती, आणि म्हातारी त्या झाकणालाच खरं समजून सिमेंट लिंपत बसली होती.

चंद्राबाईला रडू आलं नाही. रडण्याचा हक्क आपला नाही, असं तिला वाटलं. तिनं उठून खीर डब्यात भरली, झाकण घट्ट आहे का ते दोनदा पाहिलं, आणि नूतनच्या पिशवीत आडवा न होईल असा तो ठेवला. नूतननं नको म्हटलं नाही. मामांच्या हातात डबा परत देते, म्हणाली. परतीच्या एसटीला निघताना ती वाकून पाया पडली. तिच्या डोक्यावर ठेवलेला हात चंद्राबाईला जड लागला.

दुपार कलली. चंद्राबाई दुसरं अंडं मांडीवर घेऊन बसली होती. गोठ्यातून आलेला ज्ञानू तिच्याजवळ टेकला. पिल्लाचं डोकं आता भोकातून बाहेर आलं होतं, पण ते ढकलत नव्हतं. पापुद्रा वाळून त्याच्या मानेला आवळला होता. मधूनच ते पीक् म्हणायचं आणि मग दम खायचं.

“भिजवू का पाण्यानं?” ज्ञानूनं विचारलं.

“थांबलं तरी मरतंय,” ती म्हणाली, “न्हाई थांबलं तरी मरतंय. कवा थांबायचं आन कवा न्हाई, हे कुणी शिकवलंच न्हाई मला.”

ज्ञानूनं चिलीम काढली, परत कनवटीला खोचली. तोही त्या संध्याकाळी काहीतरी म्हणालाच होता फक्त. काय म्हणाला होता, ते त्यालाही आता आठवत नव्हतं.

संध्याकाळचा हॉर्न वाजला. ज्ञानू सवयीनं किटली घेऊन उठला. चंद्राबाई आत गेली नाही. तिनं पिल्लाला कवचासकट पदरात गुंडाळलं, गाठ पोटाशी धरली आणि उठली.

“तिसऱ्याला हात लावू नका,” ती म्हणाली. “त्याचं त्याला येऊ द्या.”

ती अनवाणीच रस्त्यावर आली. बंडू मागचं फळकं उघडत होता. तिला समोर बघून त्याचा हात तसाच राहिला. दोन वर्षांत ती त्याच्यासमोर आली नव्हती.

“भोरला न्यायचंय,” चंद्राबाई म्हणाली. “दवाखान्यात.”

बंडूनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पदराकडे. पदराच्या कडेतून एक बारकी चोच बाहेर आली होती आणि मान वाकडी होऊन तिच्या मनगटावर पडली होती. बंडूच्या घरी चार गाई, त्यानं मेलेली वासरं पुष्कळ पाहिली होती. दवाखाना माणसांचा का जनावरांचा, हेही त्यानं विचारलं नाही. त्यानं फळकं लावलं, पुढच्या सीटवरची पोती उचलून मागे टाकली आणि दार उघडून धरलं.

“बसा, काकी.”

ज्ञानू किटली हातात घेऊन कडेला उभा होता. त्याचं दूध मापायचं राहिलं. टेम्पो वळला आणि ओढ्याकडे निघाला. चंद्राबाईनं दोन्ही हात पदरावर ठेवले होते आणि ती समोर बघत होती. पुलावर खड्डे होते, तरी बंडूनं गाडी हळू केली नाही.